पावतीवरचं नाव

महिन्यात तिसऱ्यांदा तोच मिक्सर.
साडेसातशे वॅटची मोटार, कॉइल काळी पडलेली,
वास असा, की रबराच्या तव्यावर कुणी तीळ भाजावेत.

भांडं उघडलं की मी आधी हुंगतो.
वीस वर्षं करावे गावात हेच दुकान,
नाकाला कळतं कोण घरात काय वाटतं.
सीवूड्सच्या टॉवरांतून येतात ती बदामाची भांडी,
गावठाणातली सुकटीची, लसणीची, धुऊनही न जाणारी.
हिच्या पात्याखाली मात्र
राखाडी, चिकट, सिमेंटसारखं काहीतरी.
स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून
जिभेला लावलं. कडू.
तीळच होते. सालासकट. करपवलेले.

पहिल्या खेपेला पावतीसाठी विचारलं होतं,
ती म्हणाली, "सैदा."
मी लिहिलं : सैदा मॅडम, मिक्सर एक, झाकण नाही.
नवरा उरणच्या बंदरात कंटेनर तपासतो
आणि ती अकराव्या मजल्यावर
चणे शिजवते.

माझी हिंदी मोडकी, तिची माझ्याहून.
तरी एवढं समजलं :
तिच्याकडे तिळाचं ते वाटण डब्यात मिळतं,
कुणी घरी करत बसत नाही.
इथे मॉलमध्ये एक बाटली सापडली, नऊशे रुपयांची,
आणि उघडली तर...
खवट हा शब्द तिला येत नव्हता.
तिने तोंड केलं ते पुरेसं होतं.

म्हटलं, मशीनला दम द्या.
दहा आकडे मोजा, थांबा, बाजूने खाली ओढा, पुन्हा दहा.
संक्रांतीचे पांढरे तीळ आणा, नुसते गरम करा,
तेल सोडा धारेने. मोटार माणसासारखी असते,
एका दमात सगळं मागितलं की जळते.
हे मी शेवटी मराठीतच बोललो.
ती मान हलवत राहिली.

चौथ्या खेपेला मिक्सर चालू होता.
ती तक्रार घेऊन आली, एका वाटीत.
तीळ जमले होते, चणे खरखरत होते.
मंजुळा मागे बोंबील निवडत बसली होती,
हात पुसून तिने बोट बुडवलं :
"बाय, साल नाय कारलीस?"
आणि माझ्याकडे वळून,
"वाल सोलतात तसा सोलाला सांग तिला."
सांगायला मी कुठला.
तिनेच परातीत शिजलेले चणे मागवले,
दुसऱ्या दिवशी, दुपारी,
दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या.
चिमटीत धरायचा, दाबायचा, दाणा बाहेर उडतो,
साल बोटाला चिकटून राहते.
दोन तास. गिऱ्हाईकं त्यांच्या अंगावरून आत येत होती.
एक भाषा नाही दोघींत,
पण एक चणा उडून गटारात गेला
तेव्हा दोघी एकदम "अगं!" सारखं काहीतरी म्हणाल्या.

मग एकदा तिच्या नवऱ्याचा फोन आला,
"नुहादचा मिक्सर झाला का?"
कोण नुहाद?
सैदा तिचं गाव. समुद्राकाठचं.
मी नाव विचारलं, तिने ऐकलं कुठून आलीस,
आणि चार पावत्या तशाच गेल्या.
ती आली तेव्हा मी खोडायला पेन काढलं.
तिने पावती माझ्या हाताखालून ओढली,
घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
आत बाकीच्या तिन्ही होत्या.

मला कुणी गाव विचारलं तर मी सेक्टर सांगतो.
दुकानाच्या जागी आजाचं मिठागर होतं
हे मंजुळालासुद्धा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं,
ते पण फरशी ओलसर का राहते असं तिने विचारलं म्हणून.

काल ती स्टीलचं ताट घेऊन आली.
पांढरंशुभ्र, मऊ, मधे चमच्याने केलेलं तळं,
तळ्यात तेल, काठावर लाल तिखट, आपलंच.
आम्ही तांदळाच्या भाकरीने खाल्लं.
तिने पाहिलं, हसली नाही, स्वतःही तुकडा मोडला.
मंजुळाने सावकाश चाखलं,
ओठ मिटले, डोळे मिटले,
मग म्हणाली, "मीठ कमी हाय."

नुहादला ते मात्र बरोबर कळलं.
तिने हात पुढे केला.
मी उठून बरणी आणली.